सुईच्या भोकाएवढं ऊन

वाघदऱ्याच्या चढावर एक स्कूटी रस्त्यात आडवी उभी होती आणि तिच्या मालकिणीचा पत्ता नव्हता. महारुद्रने टँकर थांबवून हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला, तेव्हा रस्त्याकडेच्या तरवडाच्या झुडपांमागून आवाज आला.

"थांबा की... ओढणी अडकलीय."

तो खाली उतरला. झुडपांपलीकडच्या बाभळीत आकाशी ओढणीचं टोक गुंतलं होतं. तिची मालकीण एका हाताने काटे सोडवत होती. दुसऱ्या हातात पिवळ्या फुलांनी भरलेला स्टीलचा डबा होता आणि तो खाली ठेवायला ती तयार नव्हती.

"डबा द्या इकडं," तो म्हणाला.

"नको. हलला की पाकळ्या मोडतात."

"मग ओढणी सोडवू का?"

तिने क्षणभर विचार केला. "डबाच धरा. सरळ धरा मात्र."

त्याने डबा सरळ धरला. ओढणी सुटायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याला बरंच काही दिसलं – कपाळावर विभूतीचं बारीक बोट, नखांत अडकलेली पिवळी पूड, आणि काटा टोचला तरी आवाज न करण्याची सवय.

"नवरात्र महिनाभर लांब हाय," तो म्हणाला. "आत्तापासूनच माळा ओवता का?"

"माळा नाहीत. भेटकार्डं."

"फुलांची?"

"फुलांची." तिने डबा परत घेतला आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "तुमच्या टँकरचा नळ गळतोय. गाव तिकडं घागरी घेऊन बसलंय, अन् तुम्ही इथं डबा धरून उभे."

"तुम्हीच धरायला लावला की."

ती हसली नाही. पण स्कूटी बाजूला घेताना तिला ती दोनदा सुरू करावी लागली, हे त्याने पाहिलं.

तिचं नाव शिवगंगा. वडील सिद्धलिंगअप्पा यांचं परळीत वैजनाथाच्या पायऱ्यांजवळ बेल-फुलांचं दुकान. बी.कॉम. झाल्यावर तिने पुण्यात सहा महिने हातकागदाच्या वस्तू बनवायचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन वाघदऱ्याच्या महिला सहकारी संस्थेत भेटकार्डांचं काम सुरू केलं. दुष्काळाचं ते दुसरं वर्ष होतं. गावातली जनावरं चारा छावणीवर गेली, दूध आटलं आणि दूध सोसायटीची खोली रिकामी पडली. ती खोली संस्थेने मागून घेतली. भिंतीवर दुधाच्या फॅटचा तक्ता अजून तसाच होता. त्याखाली सातजणी चटईवर बसून फुलं दाबत.

दाबायची पद्धत साधी होती. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत फुलं मांडायची आणि वर पाटा ठेवायचा. पाटे सगळ्यांनी आपापल्या घरून आणले होते. फूल सुकलं की ते चिमट्याने उचलून जाड हातकागदावर खळीने चिकटवायचं. खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. दाबलेला तरवड हळदीसारखा गडद होतो, आणि कार्डावर त्याच्या चपट्या शेंगांची देखणी पानं होतात. दुष्काळात बाकी सगळं वाळलं तरी तरवड फुलतो. त्यातून पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलेलं असल्याने त्या वर्षी फुलांवर राखही बसत नव्हती. एरवी इकडचं फूल आधी धुवावं लागतं, आणि धुवायला पाणी कुठलं?

संस्थेच्या अध्यक्ष भिवराबाई साठीच्या होत्या. वीस हंगाम ऊस तोडून त्यांचे गुडघे गेले होते. चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून त्या पाकळ्या अशा लावत की पुन्हा हात लावायची गरज पडू नये.

टँकर रोज येई. तो विहिरीत रिकामा व्हायला अर्धा तास जाई, आणि तो अर्धा तास महारुद्र दूध सोसायटीच्या पायरीवर काढू लागला. तो धर्मापुरीकडच्या शेतकरी घरातला. दोन वर्षं शेतात काही उगवलं नव्हतं म्हणून गाडीवर आलेला. त्याच्या फेरीत नऊ गावं होती आणि प्रत्येक गावातून तो काहीतरी आणी. कधी देवळामागची कण्हेर, कधी बांधावरचा गुलाबी कुरडू. एकदा त्याने बाभळीच्या फुलांचे पिवळे गोळे आणले. दाबल्यावर त्यांचा भुगा झाला आणि सगळ्याजणी त्याला हसल्या. त्यानंतर तो आणण्याआधी विचारू लागला. फूल चपटं बसेल का, रंग टिकेल का... असं विचारता विचारता त्याला ते काम बऱ्यापैकी कळायला लागलं.

संस्थेत आणि गावात सगळेच तिला शिवगंगाताई म्हणत. म्हातारी माणसंसुद्धा. महारुद्र मात्र काहीच म्हणत नसे. "ते... फुलं आणलीत," एवढंच. भिवराबाईंनी हे दुसऱ्याच आठवड्यात टिपलं आणि एक दिवस भरल्या खोलीत विचारलं,

"काय रे, समदं गाव ताई म्हणतंय. तुझ्याच जिभेला कावून जड जातं?"

महारुद्रने पायरीवरून उठून टँकरचा नळ तपासला. नळ ठीक होता. शिवगंगाने मान वर केली नाही, पण तिच्या हातातली पाकळी वाकडी चिकटली. ती तिला काढून परत लावावी लागली.

भाद्रपदात पुण्याच्या एका दुकानाचं काम आलं. दिवाळीसाठी तीनशे कार्डं, सगळी तरवडाची. दुकानाच्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की माल वेळेवर आणि नमुन्यासारखा आला तर वर्षभराचं काम देऊ. त्या एका वाक्यावर बरंच अवलंबून होतं. सातजणींपैकी पाचजणी दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई मागे राहायची तर जोडी मोडते, आणि टोळीच्या मुकादमाला दुसरी जोडी शोधावी लागते. पाचजणींनी या वर्षी मुकादमाला थांबवून ठेवलं होतं. वर्षाचं काम मिळालं तर घरी राहू, नाहीतर गाडीत बसू. शिवगंगाने त्यांना शब्द दिला नव्हता. पण त्या तिच्याकडे ज्या तऱ्हेने बघत, ते शब्द दिल्यासारखंच होतं.

दोनशे कार्डं नवरात्राआधीच झाली. उरलेल्या शंभरांच्या फुलांची तिला काळजी नव्हती, आणि तिथेच तिचा अंदाज चुकला. घट बसले आणि घराघरांत रोजची माळ चढू लागली. झेंडू नव्हता, शेवंती नव्हती. सगळ्या माळा तरवडाच्या. बेल-फुलांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला हे आधी कळायला हवं होतं. दसऱ्यापर्यंत नऊही गावांच्या बांधांवर नुसत्या काड्या उरल्या.

"कळी तरी?" तिने महारुद्रला विचारलं.

"न्हाई. काल चार ठिकाणी उतरून बघितलं." तो केबिनकडे वळला. "बघतो. करतो काहीतरी."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी त्याने वर्तमानपत्रात बांधलेले पाच-सहा जाड गठ्ठे तिच्यापुढे ठेवले. आत तरवडच होता. दाबलेला, सुकलेला, गडद पिवळा. फुलं थोडी लहान दिसत होती, कडा जराशा आक्रसल्या होत्या, पण रंग अगदी हवा तसा.

"दाबून आणलीत?"

"शिटाखाली ठिवली होती. वर मी बसलो... पाट्याएवढा जड हायच की मी."

ती हसली. पहिल्यांदाच, त्याच्याकडे सरळ बघून. कुठून आणलीत, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सातजणी बघत होत्या, तोही बघत होता, आणि ते राहून गेलं.

पुढचे दोन दिवस सगळ्याजणी चिकटवायला बसल्या. शिवगंगा पाकिटं करत होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती तयार कार्डं तपासायला घेऊन खिडकीशी गेली. एका कार्डावरचं फूल अजून नीट चिकटलं नव्हतं, म्हणून तिने ते उचलून उजेडात धरलं. फुलाच्या मधोमध, देठापाशी, एक बारीक भोक होतं. त्यातून उन्हाचा ठिपका तिच्या तळहातावर पडला.

तिने दुसरं फूल पाहिलं. त्यालाही भोक. तिसऱ्याच्या पाकळीवर कुंकवाचा लाल कण होता.

असं भोक एकाच गोष्टीचं असतं, हे ती लहानपणापासून जाणत होती. फूल सुई-दोऱ्यात ओवलेलं असतं त्याचं.

संध्याकाळी टँकर आला तेव्हा ती पायरीवरच उभी होती.

"ही फुलं घटाच्या माळांची आहेत," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

त्याने नाकारलं नाही. दसऱ्याला घट उठले, पण विहिरी-ओढे कोरडे. निर्माल्य सोडायचं कुठे? गावोगावच्या बायांनी आपापल्या माळांच्या पुरचुंड्या त्याच्याकडे दिल्या – तू रोज पाण्याला जातोस, तिथं सोड. पण तो टँकर भरायचा ती प्यायच्या पाण्याची विहीर. नऊ गावं ते पाणी पितात, त्यात निर्माल्य कसं टाकायचं? रस्त्याकडेला फेकायला त्याचं मन झालं नाही. पुरचुंड्या केबिनमध्ये साठल्या. शेवटच्या माळांची फुलं अजून ओलसर होती. बाकीची त्याने गळक्या नळाखालच्या ओल्या पोत्यात ठेवून मऊ केली, एकेक दोऱ्यातून सोडवली आणि दाबली.

"मला वाटलं, ह्याच्यापेक्षा चांगली जागा कुठं मिळंल त्यांना," तो म्हणाला. "पायदळी जाणार न्हाईत, सडणार न्हाईत..."

"निर्माल्य विकायचं नसतं."

"विकायचं डोक्यातच न्हाई आलं. तुमच्या हाताखाली जातील, एवढंच आलं."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिला आवडलं असतं. "मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी काय केलं असतं ते मी ठरवलं असतं."

त्याने मान हलवली आणि पाइप गुंडाळायला गेला.

भांडण झालं की माणसं काही दिवस एकमेकांना टाळतात. इथे ती सोय नव्हती. टँकर रोज येणारच होता, गावाला दुसरं पाणी नव्हतं. महारुद्र आता पायरीवर न बसता विहिरीच्या काठावर उन्हात उभा राही. शिवगंगा खिडकीकडे पाठ करून बसे. टँकरचा आवाज चढावर आला की मात्र तिचा चिमटा थांबे, आणि चटईवर कुणीतरी खाकरे.

ओवलेल्या फुलांची साठ-सत्तर कार्डं झाली होती. सातजणींची बैठक बसली. एक म्हणाली, पुण्याच्या लोकांना काय कळतंय. दुसरी म्हणाली, पण आपल्याला कळतंय ना. भिवराबाईंनी एक कार्ड चष्म्याजवळ धरलं. मग म्हणाल्या, गावोगावच्या या माळांत त्यांच्या घटाचीही माळ असेल, आणि आपल्या घटावरची माळ त्या दुकानात मांडू देणार नाहीत. मुकादमाकडे जावं लागलं तरी चालेल.

रविवारी शिवगंगाने अप्पांना सगळं सांगितलं. ते बेलाच्या जुड्या बांधत होते. बांधता बांधता म्हणाले, की देवाला वाहिलेलं परत घेता येत नाही आणि विकताही येत नाही. पण देता येतं. लोक अंगारा घरी नेतात, प्रसादाचं फूल केसात माळतात, ते काय असतं? मग जुडी बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "पोरगा कुणाचा म्हणालीस?"

तिने गावाचं नाव सांगितलं. अप्पांनी आणखी काही विचारलं नाही. बेलाची तीच जुडी त्यांनी पुन्हा बांधायला घेतली.

सोमवारी तिने पुण्याला फोन केला. शंभर कार्डांना फुलं नाहीत आणि कारण काय, हे जसं घडलं तसं सांगितलं. दुकानाच्या बाईंनी किती कार्डं कमी पडतात ते पुन्हा विचारलं. मग म्हणाल्या, दुसरं फूल चालेल, पण तितकंच चांगलं हवं, आणि तारीख बदलणार नाही.

दुसरं फूल. पण कुठलं?

त्या दिवशी टँकर आला तेव्हा ती स्वतः विहिरीवर गेली. महारुद्रने पाइप हातातून खाली ठेवला.

"गुलाबी हवंय," ती म्हणाली. "चपटं बसणारं, लवकर सुकणारं. आणि कुठल्याही देवाला न वाहिलेलं."

त्याने विचार केला नाही. बहुतेक आधीच करून ठेवला होता. "मांजरसुंब्याला चौकापुढं एक ढाबा हाय. कुंपणाला बोगनवेल, लई दाट. मागल्या महिन्यात गाडीचा पार्ट आणायला गेलतो, तवा बघितली होती. पाणी न्हाई म्हणूनच एवढी फुललीय."

"मला आधी कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी बोलत न्हवत्या."

ती इतकं गावाकडचं बोलली, हे तिच्याही लक्षात आलं आणि त्याच्याही. दोघं पाण्याच्या धारेकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्याने बदली चालक दिला. एसटीने तिघं गेले – शिवगंगा, महारुद्र, आणि दोघांच्या मधल्या जागेवर भिवराबाई, मांडीवर रिकामा डबा घेऊन. ढाब्याच्या कुंपणावर बोगनवेल सांडली होती. गडद गुलाबी, कागदासारखी कोरडी. ढाबेवाला आधी संशयाने बघत होता. फुलं घेऊन कार्डं करणार म्हटल्यावर त्याने शिडी आणून दिली. दोन चहा प्याल्यावर भिवराबाईंना अचानक गुडघे आठवले. त्या खाटेवर जाऊन बसल्या आणि कुंपणाकडे पाठ केली.

महारुद्र शिडीवर. शिवगंगा खाली डबा धरून.

"सरळ धरा," तो वरून म्हणाला. "हलला की पाकळ्या मोडतात."

"माझंच मला ऐकवता?"

"पाठ हाय. तुमी बोललेलं समदं पाठ हाय." एक गुलाबी झुबका त्याने डब्यात अलगद सोडला. "चुकलं माझं. विचारायला पायजे होतं. भ्या वाटलं... न्हाई म्हणाल."

"म्हणाले असते."

"मग?"

"मग तुम्ही दुसरं काहीतरी शोधलं असतं." तिने वर पाहिलं. ऊन डोळ्यांवर येत होतं. "आजच्यासारखं."

ट्रक धडधडत गेला, धूळ उडाली. तिने आधी ओढणी डब्यावर धरली, मग तोंडावर. शिडीवरून त्याला फक्त डोळे दिसत होते आणि ते हसत होते.

बोगनवेल पाट्याखाली तीन दिवसांत सुकली. तारखेच्या एक दिवस आधी तीनशे कार्डं पुण्याला गेली, दोनशे पिवळी, शंभर गुलाबी. त्या आठवड्यात फोन आला. गुलाबी आधी संपली होती. वर्षाचं काम पक्कं झालं, आणि पाचजणींनी मुकादमाला आपला निरोप पोचवला.

ओवलेल्या फुलांच्या कार्डांचं काय करायचं, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. नऊ गावांतून तोडीच्या गाड्या निघत होत्या. भांडी, शेळ्या, कोंबड्या, वर माणसं. गाडी सुटायच्या आधी संस्थेची बाई जाऊन प्रत्येक गाडीला एक कार्ड देई. आपल्याच गावांच्या घटांवरचं आहे, पाण्यात सोडायला मिळालं नाही, तर असू द्या सोबत. काहींनी ते कपाळाला लावलं. एका म्हाताऱ्याने पटक्याच्या घडीत खोचलं. एकीने उलटंपालटं करून विचारलं, आत काही लिहिलेलं नाही का? भिवराबाई म्हणाल्या, घरच्या देवाला काय लिहून सांगावं लागतं?

शेवटची गाडी गेली. धूळ खाली बसली. महारुद्रचा टँकर विहिरीत रिकामा होत होता. बऱ्याच दिवसांनी तो पायरीवर बसला होता. शिवगंगा बाहेर आली. तिच्या हातात एक कार्ड उरलं होतं. खिडकीशी पहिल्यांदा हातात घेतलं होतं तेच. फूल आता नीट चिकटलं होतं. तिने फुलामागच्या कागदालाही सुईने टोचलं होतं, तेवढ्याच जागी.

त्याने कार्ड उन्हात धरलं. उजेडाचा ठिपका त्याच्या सदऱ्यावर पडला, खिशाच्या जरासा वर.

"विकता येत न्हाई म्हणून देताय?" त्याने विचारलं.

"हो."

"बस, एवढंच?"

ती एक पायरी सोडून बसली. आत चटईवर एकदम शांतता पसरली होती. चिमट्यांचासुद्धा आवाज येत नव्हता.

"अप्पा म्हणतात, एकदा वाहिलेलं परत घेता येत नाही." ती कार्डाकडे बघून बोलत होती. "तेव्हा नीट विचार करून घ्या."

"घेतलं," तो म्हणाला. "हातातच हाय."

"रविवारी दुकानात या मग. बेल घ्यायला आलो म्हणा."

"अन् अप्पांनी विचारलं, बेल कशाला?"

"ते नाही विचारणार." आता ती हसत होती. "तुमचं गाव कुठलं, ते त्यांनी आधीच विचारून घेतलंय."

मागे टँकरचा नळ गळत होता. भिवराबाई खिडकीतून ओरडल्या, की पाणी चाललंय, कुणाचं लक्ष आहे का नाही. महारुद्र उठला, कार्ड खिशात ठेवायला गेला आणि थांबला. पाइप ओढताना खिसा भिजला होता. त्याने कार्ड तिच्या हातात परत दिलं.

"धरा जरा, शिवगंगा," तो म्हणाला. "सरळ धरा."

तिने ते दोन्ही हातांनी धरलं, तो नळ बंद करून येईपर्यंत.